पाळणाघराचा खर्च कोणी सोसायचा?

(काटेवाडी, ता. बारामती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात उसाचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. निरा डाव्या कालव्याचे पाणी शिवारात आले, त्यामागून साखर कारखाने आले, आणि उतारा, गाळप, तोडणी-वाहतूक हे शब्द घराघरांत रुळले. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता हाती काय पडते, हे काटेवाडीतला शाळकरी मुलगाही सांगू शकेल. तोडणीच्या या खात्यात मजुरीचा दर असतो, मुकादमाचे कमिशन असते, वाहतुकीचे अंतर असते. एका खर्चाची नोंद मात्र त्यात कोठेही सापडत नाही. ऊस तोडणाऱ्या बाईचे मूल दिवसभर कोणी सांभाळायचे, हा तो खर्च होय.

नोंद नाही म्हणून खर्चच नाही, असे अर्थव्यवहारात कधी होत नसते. वहीत न आलेला खर्च कोणीतरी वहीबाहेर भरत असते. तो कोण भरते, आणि यापुढे तो उद्योगाने व सरकारने मिळून का भरला पाहिजे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वहीबाहेर भरणारे

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या पडतात. या धंद्यात मजुराची मोजणी माणसावर होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल घेते ती जोडी आणि फेडते तीही जोडी. नवरा ऊस तोडतो. बायको पाला काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. बाई बसली की कोयता बसला. मग खाडा धरला जातो आणि न फिटलेल्या उचलीचा बोजा पुढच्या हंगामावर चढतो. मूल लहान आहे म्हणून बाईने कोपीवर थांबावे, अशी सोय या पद्धतीत ठेवलेलीच नाही. म्हणून मूल फडावर येते.

तान्हे असेल तर फडाच्या कडेला बाभळीला किंवा गाडीला बांधलेल्या झोळीत झोपते. चालते झालेले असेल तर पाचटात, बैलांच्या पायांत, ट्रॅक्टरच्या चाकांजवळ खेळते. त्याच्यामागे धावायला सात-आठ वर्षांची बहीण असते. साप, थंडी आणि धूळ यांची गणती वेगळी करण्याचे कारण नाही. ज्यांनी फड पाहिला आहे त्यांना ती ठाऊक आहे.

आता या सांभाळाचा खर्च कोण भरते ते पाहावे. पहिला हप्ता आई भरते. मुलाला पाजण्यासाठी ती थांबली तर मोळ्या कमी होतात, आणि मजुरी टनावर असल्यामुळे तेवढी रक्कम कमी होते. दुसरा हप्ता थोरली बहीण भरते. तिची शाळा हंगामापुरती सुटते आणि पुष्कळदा कायमची सुटते. गावाकडे मूल ठेवले तर तिसरा हप्ता म्हातारी आजी आपल्या उतारवयातून भरते. शेवटचा आणि सर्वांत मोठा हप्ता ते मूलच भरते. वजन घटते, लसीकरण चुकते, आजारपणे मागे लागतात आणि वाढीची ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत. साखरेचा उत्पादनखर्च आज जेवढा दाखवला जातो त्याहून तो अधिक आहे. वरचा भाग या चौघांनी भरलेला आहे, म्हणून तो ताळेबंदात दिसत नाही. अनुदान हा शब्द उच्चारताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की अनुदान आजही चालूच आहे. ते सर्वांत गरीब माणसे सर्वांत संघटित उद्योगाला देत आहेत.

शाळेच्या वयाच्या मुलांकडे समाजाचे थोडेफार लक्ष गेले. स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून साखरशाळा निघाल्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु वसतिगृहात तान्हे मूल राहू शकत नाही आणि शाळेत दोन वर्षांचे मूल बसू शकत नाही. ज्या वयात मूल आईच्या अंगावर असते, त्याच वयाचा विचार राहून गेला.

गावातली आई

हा प्रश्न बाहेरून येणाऱ्या टोळ्यांपुरताच आहे, असा समज होऊ नये. काटेवाडीच्या आणि शेजारच्या गावांतील बाई खुरपणीला जाते, भाजीपाल्याच्या तोडणीला जाते, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कपडे शिवायला जाते. अंगणवाडी गावात आहे, परंतु ती काही तासांची आहे आणि तिच्यातले शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांच्या आतील मुलाला अंगणवाडीतून आहार मिळतो, लस मिळते. दिवसभराचा आसरा मिळत नाही. पाळीवर जाणारी आई बस पकडते तेव्हा अंगणवाडीचे दार उघडलेले नसते, आणि ती परतते त्याच्या कितीतरी आधी ते बंद झालेले असते.

काटेवाडीला हा पेच नवा नाही. शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. डिसेंबर १९४० मध्ये शरद या मुलाचा जन्म झाला, तेव्हा अवघ्या काही दिवसांच्या त्या बाळाला घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला पुण्यास गेल्या, ही हकिगत शरद पवार यांनीच सांगितलेली आहे. ती कौतुकाने सांगितली जाते आणि कौतुक रास्तही आहे. मात्र तिचा दुसरा अर्थही पाहिला पाहिजे. लोकांनी निवडून दिलेल्या सभासद स्त्रीलाही सार्वजनिक काम करायचे तर मूल काखेत घेऊनच जावे लागले. एका कर्तबगार बाईने ते निभावले. धोरण मात्र असामान्य बाईच्या बळावर आखता येत नाही; ते चारचौघींना पेलेल असे असावे लागते. त्या बैठकीला आता ८० वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि काखेत मूल घेऊन कामावर जाणारी बाई अजून तशीच आहे.

केंद्र सरकारच्या २०२४च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे देतात असे आढळले. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. घरातील माणसांच्या सांभाळाला देणाऱ्यांत स्त्रियांची १३७ मिनिटे आहेत आणि पुरुषांची ७५. हा वेळ राष्ट्रीय उत्पन्नात धरला जात नाही. परंतु तो काढून घेतला तर ज्या मनुष्यबळावर राष्ट्रीय उत्पन्न उभे आहे, ते उद्या सकाळी कामावर हजर होणार नाही.

कायदा आहे, मालक नाही

पाळणाघराची जबाबदारी कायद्याने मान्य केलेली नाही, असे नव्हे. १९४८च्या कारखाने अधिनियमात ५०हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती होती. १९७६च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३० स्त्रियांवर आणली. मळेवाल्यांसाठी १९५१चा, विडी कामगारांसाठी १९६६चा, बांधकाम मजुरांसाठी १९९६चा कायदा झाला आणि त्यांतही तशी कलमे आली. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा दुरुस्त झाला. त्याने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले. पाळणाघराची सक्ती स्त्रियांच्या संख्येवर न ठेवता ५० कर्मचाऱ्यांवर ठेवली. मग ते पुरुष असोत वा स्त्रिया. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५०चीच मर्यादा आहे.

या कायद्यांच्या इतिहासात दोन धडे आहेत. पहिला धडा असा की, स्त्री कामावर ठेवल्यामुळे मालकावर जादा बोजा पडतो, अशी रचना झाली की मालक स्त्रीच कामावर ठेवत नाही, किंवा हजेरीपटावरची तिची संख्या मर्यादेच्या आत ठेवतो. २६ आठवड्यांच्या प्रसूतिरजेचा संपूर्ण पगार एकट्या मालकावर टाकला गेला, तेथेही हाच धोका आहे. हक्क स्त्रीच्या नावावर लिहायचा आणि त्याची किंमत तिच्याच नोकरीवर बसवायची, असा हा उलटा न्याय होतो. म्हणून बालसंगोपनाचा खर्च एकेका मालकाने एकेका बाईमागे न भरता, सर्व उद्योगाने उत्पादनाच्या प्रमाणात एका सामाईक निधीत भरला पाहिजे. बाईमागे आकार बसला तर बाई टाळली जाते. टनामागे बसला तर टन काही टाळता येत नाही.

दुसरा धडा असा की, या कायद्यांना मालक लागतो. ऊसतोड मजुराला कागदावर मालकच नाही. कारखाना वाहतूक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि मुकादम स्वतःला टोळीचाच एक माणूस म्हणवतो. टोळी दहा-वीस कोयत्यांची. ५० कर्मचाऱ्यांची अट तिला लागू व्हायची कशी? हजारो माणसे एका कारखान्यासाठी राबतात आणि त्यांतले एकही त्याच्या हजेरीपटावर नसते. जेथे मालक सापडत नाही तेथे कायदा पोचत नाही, आणि कायदा पोचत नाही तेथे मूल झोळीत राहते.

महाराष्ट्राने या कोड्याचे उत्तर एकदा शोधलेले आहे. गोदीत आणि बाजारपेठेत ओझी वाहणाऱ्या हमालालाही एक मालक नव्हता. १९६९च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन केली, प्रत्येक मालकाकडून मजुरीवर ठरावीक लेव्ही घेतली आणि रजा, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार यांची सोय त्यातून लावली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने दिलेल्या लढ्यांचे हे फळ. मालक अनेक असले तरी जबाबदारी एक करता येते, हे या कायद्याने देशाला दाखवले. तीच रीत फडावर आणायची आहे.

सरकार मदत करते, कोणाला?

मुलांच्या संगोपनासाठी पैसे द्यायला सरकारकडे पैसा नाही, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची रजा दिली. या सवलती योग्यच आहेत. त्या काढून घ्याव्यात असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्यांचा अर्थ असा की, मूल वाढवण्यासाठी लागणारा वेळ हा सार्वजनिक तिजोरीतून भरून देण्याजोगा खर्च आहे, हे तत्त्व शासनाने स्वीकारलेले आहे. जे तत्त्व मंत्रालयातील लिपिक स्त्रीला लागू होते, ते फडावरच्या स्त्रीला लागू होत नाही, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करायचे?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला किमतीच्या ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये, अनुदान देण्याची योजना आणली. ऊस तोडणाऱ्या यंत्रासाठी ३५ लाख आहेत. ऊस तोडणाऱ्या बाईच्या मुलासाठी काय आहे?

पाळणाघरांची एक केंद्रीय योजना होती. १९७५ पासून स्वयंसेवी संस्थांना मदत मिळे. २००६ मध्ये तिला राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना हे नाव मिळाले. एके काळी देशात तिची २० हजारांहून अधिक केंद्रे होती. २०१७ मध्ये खर्चाचा वाटा राज्यांवर टाकण्यात आला आणि २०२०च्या सुमारास केंद्रांची संख्या सात हजारांच्याही खाली आली. २०१७च्या नियमांत पाळणाघर चालवणाऱ्या कार्यकर्तीला महिना ३,००० रुपये आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन लिहिलेले होते. पंचवीस मुले दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस सांभाळायची आणि त्याचे हे मोल. २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आली आणि देशात १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. खर्च केंद्राने ६० आणि राज्याने ४० टक्के उचलायचा. दिशा बरोबर आहे. पण एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या असताना सबंध देशाचे उद्दिष्ट १७ हजारांचे, यावरून या प्रश्नाला किती महत्त्व दिले गेले आहे ते कळते.

रोख की सेवा?

२०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्यास सुरुवात झाली. तेव्हापासून असा युक्तिवाद ऐकू येतो की, बाईच्या खात्यात पैसे जमा होतात, तेव्हा पाळणाघराचे तिचे ती पाहील. समाजवादी कार्यकर्त्याने या रोख रकमेला नाक मुरडू नये. ज्या बाईच्या नावावर कधी रुपया नव्हता तिच्या हाती १,५०० रुपये येणे ही लहान गोष्ट नाही. परंतु पैसा आणि सोय या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या फडावर पाळणाघरच नाही, तेथे हातातल्या पैशाने ते विकत घेता येत नाही. एकटी आई विहीर खणू शकत नाही, एकटी आई रस्ता बांधू शकत नाही. वीस आयांसाठी मिळून जी सोय करावी लागते ती सामुदायिकच असावी लागते.

जगातल्या अनुभवाचा कौलही असाच आहे. स्वीडनमध्ये अल्वा आणि गुन्नार मिर्दाल यांनी १९३४ मध्ये मुलांच्या संगोपनाचा खर्च समाजाने वाटून घ्यावा असा आग्रह धरला. पुढे तेथे सार्वजनिक बालसंगोपन केंद्रांचे जाळे उभे राहिले आणि २००२ मध्ये पालकांनी भरायच्या शुल्काला कमाल मर्यादा घातली गेली. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरांत मूल सांभाळण्याची योजना काढली. बाकीचा खर्च सरकारने उचलला. आयांचे नोकरीतील प्रमाण वाढले. घाईने वाढवलेल्या सेवेच्या दर्जावर तेथे टीकाही झाली आणि तीही विसरता कामा नये. केवळ छप्पर घालून मुले कोंडणे म्हणजे पाळणाघर नव्हे.

दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे बाळघरे काढण्याची घोषणा केली. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केले. काम हलले की पाळणाघरही हलत असे. टोळ्या फिरत्या असतात, त्यांच्यासाठी पाळणाघर चालवता येणार नाही, या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे आहे. आणि महाराष्ट्रात तर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. मूल येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार ज्या भूमीत रुजला, तेथे पाळणाघराने फडाकडे जावे हे सांगण्यासाठी परदेशी पंडितांची साक्ष काढावी लागू नये.

रोजगार हमीतही हे तत्त्व होते. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना राज्यभर पोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाच्या जागी सावली, पाणी आणि मुले सांभाळण्याची सोय असावी असे त्यात मानले गेले. २००५च्या केंद्रीय कायद्याने तर असे लिहिले होते की, सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले जागेवर असतील तर एका मजूर बाईला त्यांच्या सांभाळासाठी नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. या एका वाक्यात फार मोठा विचार होता. मूल सांभाळणे हे खडी फोडण्याइतकेच काम आहे आणि त्याची मजुरीही तितकीच आहे, हे कायद्याने प्रथमच मान्य केले.

टनामागे १० रुपये

आता पैशाचा हिशेब. दिशा कळावी म्हणून ढोबळ आकडे घेऊ या. वीस मुलांच्या एका पाळणाघरात एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस. दोघींची मजुरी मिळून महिना २५,००० रुपये धरावी. मुलांच्या दूध-खाण्याचे दिवसाला ४० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे २०,८०० रुपये होतात. औषध, चटया, पाणी, छप्पर यांचे ४,२०० रुपये. एकूण महिना ५०,०००; पाच महिन्यांच्या हंगामाचे अडीच लाख रुपये. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या क्षेत्रात अशी ४० पाळणाघरे काढली तर ८०० मुलांची सोय होते आणि खर्च येतो एक कोटी. म्हणजे टनामागे १० रुपये. टनाला १०० किलो साखर उतरते असे धरले तर किलोमागे १० पैसे. रास्त दराच्या तुलनेत ही रक्कम शेकडा पाव टक्क्याच्या थोडी वर जाते. आणि एका तोडणी यंत्राच्या ३५ लाखांच्या अनुदानात अशी १४ पाळणाघरे एक हंगाम चालतात.

विशेष म्हणजे या पैशाची वाटही पाडलेली आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळप उसावर टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच रक्कम शासनाने घालावी, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. हंगामात राज्यात १,००० लाख टन ऊस गाळला गेला, तर कारखान्यांचे १०० कोटी आणि शासनाचे १०० कोटी होतात. त्यातला निम्मा वाटा सहा वर्षांखालील मुलांसाठी राखून ठेवला, तर वर सांगितलेल्या प्रमाणात पाळणाघरे राज्यभर निघू शकतात. विमा, वसतिगृहे यांना उरलेला निम्मा पुरत नसेल तर लेव्ही वाढवण्याची मागणी करावी. पण मुलांचा वाटा प्रथम बाजूला काढावा.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सहकारी कारखान्याचा खर्च शेवटी सभासद शेतकऱ्याच्या दरावर येतो, आणि या श्रोतृवर्गात ऊस उत्पादक पुष्कळ आहेत. खताने, पाण्याने, कर्जाने तो पिचलेला आहे हे खरे. तरीही स्वतःच्या घामाचा दर मागणाऱ्या शेतकऱ्याने फडावरच्या मुलाच्या वाट्याचे १० रुपये वाचवावेत, हे सहकाराच्या नावाला शोभत नाही. या चळवळीचा पाया परस्परांचा भार उचलण्यावर आहे. तो भार सभासदत्वाच्या दाखल्यापाशी थांबत असेल तर त्याला सहकार म्हणता येणार नाही, तो फक्त भागीदारीचा धंदा होईल.

मूल आईनेच सांभाळावे, ही आपली संस्कृती आहे, असाही आक्षेप येतो. तो घेणाऱ्यांच्या घरी मूल आईने सांभाळलेले असते, हेही खरे असते. कारण त्या आईला पहाटे चारला मोळ्या बांधायला जावे लागत नाही. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि वारकऱ्याला पाणी, भाकरी, सावली देताना त्याचे गाव किंवा ऐपत कोणी विचारत नाही. परक्याची सोय सामुदायिकपणे लावणे ही या गावाची जुनी सवय आहे. आषाढीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला जे मिळते ते हंगामात येणाऱ्या टोळीतल्या मुलाला मिळावे. वारकऱ्याला ते श्रद्धेने मिळते. मुलाला ते हक्काने मिळाले पाहिजे, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर राहणार नाही.

मागण्या आणि कामे

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. संघटनांच्या एकजुटीचे ते यश होते. परंतु अशा वाटाघाटी वर्षानुवर्षे दर आणि कमिशन यांभोवती फिरत राहिल्या आहेत. आता पुढील मागण्या त्यांच्या जोडीला आल्या पाहिजेत.

१. महामंडळाच्या निधीतील निम्मा वाटा सहा वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दर हंगामाअखेर कारखानानिहाय जाहीर व्हावा.

२. टोळ्यांच्या प्रत्येक तळावर वीस मुलांमागे एक पाळणाघर असावे. टोळी फडावर निघण्यापूर्वी ते उघडावे आणि ती परतल्यावर बंद व्हावे. जागा, पाणी आणि वीज कारखान्याने द्यावी.

३. मुले सांभाळणाऱ्या बाईला किमान वेतनाहून कमी मजुरी असू नये. ती टोळीतलीच असेल तर तिच्या जोडीचा कोयता पूर्ण धरावा. खाडा लावू नये.

४. जेथे स्त्रिया औद्योगिक वसाहतीत किंवा शेतमजुरीला जातात, त्या गावांतील एक तरी अंगणवाडी पूर्ण दिवसाचे पाळणाघर व्हावी. वाढीव तासांसाठी स्वतंत्र कार्यकर्ती नेमावी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे. मानधन या शब्दाआड त्यांचे वेतन लपवण्याचे दिवस संपले पाहिजेत. एका बाईच्या मुलाची सोय दुसऱ्या बाईला अर्धपोटी राबवून करता येणार नाही.

५. माथाडी मंडळाच्या धर्तीवर ऊसतोड मजुरांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन करावे आणि त्यात मजूर स्त्रियांना निम्म्या जागा असाव्यात.

मागण्या मुंबईला पाठवून स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा दंडक आहे. त्या रकमेचे काय होते, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. पुष्कळ ठिकाणी ती किरकोळ खरेदीत संपते. तिच्यातून एका पाळणाघराचा प्रारंभ होऊ शकतो.

पुढच्या हंगामात टोळ्या उतरतील तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक तळावर जावे. किती कोयते, सहा वर्षांखालील मुले किती, तीन वर्षांखालील किती, त्यांना दिवसभर कोण पाहते, त्या थोरल्या बहिणीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, एवढे पाच प्रश्न विचारून वहीत लिहून आणावे. ही वही घेऊन कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदाने उभे राहावे आणि ग्रामसभेत महिलांनी उभे राहावे. आकडे हाती असले की सभेला उत्तर द्यावे लागते. जी मुले आजवर कोणत्याच खात्यात मांडली गेली नाहीत, त्यांची मोजणी करणे हे या लढ्याचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.